किडनी ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले तीन महिने : ऑपरेशनची गुंतागुंत, गोळ्या आणि घरच्यांनी ठेवायची वही

माझ्या धाकट्या भावाला आईची किडनी बसवली त्याला आता चार वर्षं होतील. मी डॉक्टर नाही, हॉस्पिटलात आणि नंतर घरी त्याच्यासोबत राहिलेली त्याची ताई आहे. ज्यांच्या घरी ट्रान्सप्लांट ठरलंय किंवा नुकतंच झालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण आम्हाला तेव्हा हे असं सलग कुणी सांगितलं नव्हतं, तुकड्यातुकड्यांत कळत गेलं आणि बरंचसं उशिरा कळलं.

सहाव्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी तो मोजे काढत होता आणि उजव्या पायावर इलॅस्टिकचा वळ खोल उमटलेला दिसला, डाव्या पायावर जवळपास काहीच नाही. दुखत नव्हतं, ताप नव्हता, दोन भाकऱ्या खाऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय हे सांगणारा रक्तातला आकडा, तो वाढला म्हणजे काम कमी) १.२ वरून १.७. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, रिजेक्शन, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतंय. काकांनी तर फोनवर सांगितलं की प्रतिकारशक्ती दाबायची गोळी वाढवा म्हणावं डॉक्टरांना. सोनोग्राफी केली तर नव्या किडनीशेजारी संत्र्यापेक्षा मोठी पाण्याची पिशवी साठलेली, ती लघवीच्या नळीला आणि पायाच्या शिरेला दाबत होती. लिम्फोसिल म्हणतात त्याला. गोळ्यांचा त्या वाढलेल्या आकड्याशी थेट संबंध नव्हता, आणि आम्ही काकांचं ऐकून गोळी वाढवून बसलो असतो तर आकडा आणखी चढला असता.

म्हणून सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा. ट्रान्सप्लांटनंतर क्रिएटिनिन वाढलं तर ढोबळमानाने तीन शक्यता असतात : ऑपरेशनचं जोडकाम बिघडलंय, गोळ्यांचं प्रमाण बिघडलंय, किंवा शरीर किडनी नाकारतंय. इन्फेक्शन किंवा अंगातलं पाणी कमी होणं हेही कारण असतं, पण घरच्यांचा गोंधळ या तिघांत होतो कारण बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. वर स्टिरॉइड चालू असल्यामुळे दुखणं आणि ताप दोन्ही झाकले जातात. "त्याला बरं वाटतंय" यावर म्हणूनच विसंबायचं नाही, आकड्यांवर विसंबायचं. घरच्यांचं काम मोजायचं, लिहायचं आणि त्याच दिवशी फोन करायचा. गोळ्यांना हात लावायचा नाही, ना वाढवायला ना कमी करायला.

नवी किडनी कुठे बसते, कशी जोडतात

बऱ्याच जणांना वाटतं जुनी काढून त्या जागी नवी बसवतात. तसं नसतं. जुन्या किडन्या बहुतेक वेळा पाठीकडे आहेत तिथेच राहतात आणि नवी पुढून, जांघेच्या वर, शक्यतो उजव्या बाजूला बसवतात. तिथे तीन जोड असतात. किडनीची धमनी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला, किडनीची शीर पायाच्या मोठ्या शिरेला, आणि युरेटर म्हणजे किडनीतून लघवी खाली आणणारी नळी ती पोटातल्या लघवीच्या पिशवीला, म्हणजे मूत्राशयाला. या तिसऱ्या जोडाच्या आत डीजे स्टेंट नावाची मऊ बारीक नळी ठेवतात, जोड भरेपर्यंत टेकू म्हणून.

हे तीन जोड लक्षात ठेवले की ऑपरेशनची बहुतेक गुंतागुंत आपोआप समजते. धमनी किंवा शिरेत गुठळी झाली, नाहीतर तिथून रक्तस्राव झाला. युरेटरचा जोड गळला किंवा आवळला. आणि त्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या करताना भोवतीच्या लिम्फच्या (अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या) बारीक वाहिन्या कापल्या जातात, त्यातून पाणी झिरपून साठलं की लिम्फोसिल. भावाच्या सर्जननी कागदावर पेनाने हे काढून दाखवलं होतं, तो कागद अजून फाइलमध्ये आहे. तुम्हीही तुमच्या सर्जनना काढून द्यायला सांगा, कोणत्या बाजूला बसवली, धमनी एक होती की दोन (काही किडन्यांना दोन असतात आणि मग जोडकाम वाढतं), स्टेंट टाकलाय का, सगळं त्यावर लिहून घ्या.

जोडायचं तंत्र जुनं आहे. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनला जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि ती चालली, कारण दोघं अगदी एकसारखे जुळे, शरीराला परकं वाटण्यासारखं काही नव्हतंच. जुळा नसलेल्या माणसाची किडनी भरवशाने टिकायला मात्र औषधं शोधावी लागली, सायक्लोस्पोरिन आलं ते १९८० च्या दशकात आणि टॅक्रोलिमस त्याच्याही नंतर. आईची किडनी असली तरी निम्मीच जुळते, म्हणून गोळ्या आल्याच.

ऑपरेशनच्या आधी एक काम करून ठेवा

डायलिसिसवर असताना पेशंटला दिवसाला किती लघवी होते ते मोजून लिहून ठेवा. फालतू वाटेल पण खूप उपयोगाचं आहे. भावाला डायलिसिसवर असतानाही रोज पाचशे-सहाशे मिली होत होती. आता ऑपरेशननंतर अशा माणसाच्या युरोबॅगमध्ये, म्हणजे नळीतून आलेली लघवी जमते त्या बाहेरच्या पिशवीत, चारशे मिली जमली तर ती नव्या किडनीची की जुन्यांचीच, हे आधीचा आकडा माहीत असल्याशिवाय कसं कळणार? ज्याला आधी लघवीच होत नव्हती त्याचं सोपं असतं, जे काही येतंय ते नव्या किडनीचंच.

पहिले दोन-तीन दिवस

जिवंत डोनरची किडनी असली तर बहुतेक वेळा टेबलावरच लघवी सुरू होते, आणि पहिल्या दिवशी ती इतकी होते की बघणाऱ्याला भीती वाटावी, काही लिटर, नर्स दर तासाला मोजून तेवढी सलाइन चढवत असतात. ते चांगलं लक्षण आहे. झेडटीसीसीच्या (अवयवांची प्रतीक्षायादी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) यादीतून, म्हणजे ब्रेनडेड डोनरकडून आलेली किडनी बराच वेळ बर्फात राहिलेली असते, ती जागी व्हायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे घेते आणि मधे डायलिसिस करावं लागतं. याला फेल गेली म्हणत नाहीत, ती झोपलेली असते असं आमच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या. शेजारच्या बेडवरच्या काकांना ऑपरेशननंतर तीन डायलिसिस लागले, त्यांची बायको रोज रडायची, आणि बाराव्या दिवशी पिशवी भरायला लागली.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला. चांगली चालू असलेली लघवी अचानक थांबली तर. अशा वेळी नर्स आधी कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी बघतात, कारण बरेचदा आत रक्ताची गुठळी अडकलेली असते आणि पाणी मारून साफ केलं की धार सुरू होते. तरी नाही झाली तर त्याच तासात डॉप्लर सोनोग्राफी, किडनीत रक्त जातंय आणि बाहेर येतंय का हे बघायला. धमनीत किंवा शिरेत गुठळी हा प्रकार कमी लोकांना होतो पण झाला तर हातात खूप थोडा वेळ असतो, कारण नव्या किडनीला तो एकच रस्ता आहे, पर्यायी रक्तपुरवठा नाही. शीर बंद झाली तर किडनी सुजते, त्या जागी दुखतं, लघवी लाल होते. धमनी बंद झाली तर पुष्कळदा काहीच दुखत नाही, फक्त पिशवी कोरडी. म्हणून रात्री पेशंटजवळ बसणाऱ्याने पिशवीकडे बघत राहावं, तासाभराचा आकडा एकदम निम्म्यावर आला तर सिस्टरना उठवायला लाजू नये.

रक्तस्रावाची खूण म्हणजे पाठीकडे किंवा ऑपरेशनच्या बाजूला वाढत जाणारं दुखणं, बीपी उतरणं, नाडी पळणं, हिमोग्लोबिन खाली येणं, ड्रेनमध्ये (जखमेजवळून बाहेर काढलेल्या नळीत) लालभडक रक्त. यातलं बरंचसं मॉनिटरवर डॉक्टरांना दिसतंच. तुमचा भाग एवढाच की पेशंट रक्त पातळ करायची गोळी घेत होता का हे आधीच सांगून ठेवा.

ड्रेनच्या पिशवीत काय आहे?

जखमेजवळ एक नळी बाहेर काढलेली असते, तिच्यात लालसर-पिवळं पाणी जमतं आणि रोज कमी होत जातं. ते कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, त्याच वेळी युरोबॅगमधली लघवी कमी झाली, तर युरेटरचा जोड गळतोय का ही शंका येते. सहसा पहिल्या एक-दोन आठवड्यांत हे होतं. कारण बहुधा असं की युरेटरच्या खालच्या टोकाला रक्त सगळ्यात कमी पोचतं, ते टोक वाळतं आणि जोड सुटतो.

ओळखायची तपासणी साधी आणि स्वस्त आहे, मला ती फार आवडली म्हणून सांगते. ड्रेनमधलं पाणी घेऊन त्यातलं क्रिएटिनिन मोजतात. रक्तातल्यापेक्षा ते कितीतरी पट जास्त निघालं तर ती लघवी आहे. जवळपास रक्ताएवढंच निघालं तर ते लिम्फचं पाणी. बस. गळती बारीक असली तर कॅथेटर जास्त दिवस ठेवून, स्टेंटवर जोड भरू देतात, मोठी असली तर पुन्हा आत जाऊन जोड नवीन करावा लागतो. ड्रेन काढल्यानंतर घरी बँडेज सारखं भिजायला लागलं तर तेच पाणी तपासता येतं, त्यामुळे "घाम असेल" म्हणून नुसती पट्टी बदलत बसू नका, तसंच हॉस्पिटलात जा.

जखम आणि गोळ्या यांचं भांडण

गोळ्यांशिवाय किडनी टिकत नाही, आणि त्याच गोळ्या जखम भरू देत नाहीत. या दोघांचा तोल डॉक्टर सांभाळत असतात आणि आपल्याला वाटतं डोस उगाच बदलतात.

साधारण पद्धत अशी. ऑपरेशनच्या वेळी एक मोठं इंजेक्शन, बॅसिलिक्सिमॅब (ऑपरेशनच्या दिवशी आणि त्यानंतर चौथ्या दिवशी) किंवा जोखीम जास्त असेल तर एटीजी हे त्याहून जोरदार इंजेक्शन. मग रोजच्या तीन गोळ्या : टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन म्हणजे स्टिरॉइड, ज्याला आपल्याकडे बरेच जण वायसोलोन याच नावाने ओळखतात. सुरुवातीला नकाराचा धोका सगळ्यात जास्त म्हणून डोसही सगळ्यात जास्त, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत पोटावरचे टाके भरायचे असतात. स्टिरॉइडने जखम उशिरा भरते, साखर चढते, चढलेल्या साखरेने जखमेत पू होतो. वजन जास्त असेल किंवा डायबेटिस असेल तर पोटाचे थर सुटून पुढे हर्निया व्हायची शक्यता वाढते.

सिरोलिमस आणि एव्हरोलिमस ही गोळ्यांची आणखी एक जात आहे, ती जखमेच्या बाबतीत सगळ्यात कडक, लिम्फोसिलही त्यांच्याने जास्त होतात, म्हणून बरेच डॉक्टर जखम पूर्ण भरेपर्यंत त्या सुरू करत नाहीत. तुमच्या पेशंटला पुढे कधी त्या गोळ्या लागल्या आणि नंतर हर्निया वगैरेचं ऑपरेशन ठरलं तर सर्जनना हे आधी सांगा, ते नेफ्रोशी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांशी बोलून काही काळ गोळी बदलतात.

घरी काय करायचं : दीड-दोन महिने भरलेली कळशी, गॅसची टाकी, लहान मूल, काहीही जड उचलायचं नाही. खोकताना उशी पोटाशी दाबून धरायची. जखमेच्या कडेला लाली, गरमपणा, पाणी दिसलं तर मोबाईलवर फोटो काढून कोऑर्डिनेटरला (ट्रान्सप्लांटच्या पेशंटशी हॉस्पिटलकडून संपर्क ठेवणाऱ्या व्यक्तीला) पाठवायचा. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो. आणि पोटात दुखणं "थोडंसंच" असलं तरी स्टिरॉइडवरच्या माणसाचं थोडंसं हे थोडंसं धरायचं नाही.

टॅक्रो लेव्हल, इथे सगळ्यात जास्त चुका होतात

टॅक्रोलिमसचा डोस रक्तातल्या लेव्हलवर ठरतो. पहिल्या महिन्यांत लेव्हल साधारण ८ ते १२ च्या आसपास ठेवतात, मग हळूहळू ५ ते ८ कडे आणतात, तुमच्या सेंटरचा आकडा थोडा वेगळा असू शकतो तो विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लेव्हल कमी पडली तर नकाराचा धोका. जास्त झाली तर हाच टॅक्रो किडनीला इजा करतो, म्हणजे क्रिएटिनिन दोन्हीकडे वाढतं!

लेव्हलसाठी रक्त पुढची गोळी घ्यायच्या अगदी आधी द्यायचं असतं, आदल्या गोळीनंतर बारा तासांनी. आम्ही पहिल्याच वेळी चुकलो. सकाळी सातची गोळी सवयीने घेतली, गाडीत बसलो, साडेदहाला लॅबमध्ये रक्त दिलं, लेव्हल आली १९, सगळे हादरले, आणि दुसऱ्या दिवशी परत रक्त द्यायला लागलं. त्यानंतर गोळीची वेळच बदलून घेतली, डॉक्टरांना विचारून, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. गावाहून पहाटेची एसटी पकडली तरी साडेआठला लॅबमध्ये हात पुढे करता येतो आणि लगेच बाहेरच्या बाकावर बसून गोळी घेता येते. त्या दिवशी गोळी डबीत घालून सोबत न्यायची, घरी घ्यायची नाही. लॅबच्या कागदावर आदल्या गोळीची वेळ आणि रक्त दिल्याची वेळ दोन्ही लिहून घ्यायच्या.

बाकीचे नियम पटकन सांगते. जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर, आणि रोज तसंच, एक दिवस उपाशीपोटी आणि एक दिवस जेवणावर असं नको. विसरली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर काय करायचं हे प्रत्येक सेंटरचं वेगळं असतं, ते डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घ्या, रात्री नऊला शोधत बसू नका. जुलाब लागले तर टॅक्रोची लेव्हल वाढते, मायकोफेनोलेटनेही जुलाब होतात, म्हणून दोन दिवस जुलाब म्हणजे लेव्हल करायची वेळ आली असं समजा. मेडिकलवाल्याने "हे पण तेच आहे" म्हणून दुसऱ्या कंपनीची टॅक्रो दिली तर ती आपल्या मनाने सुरू करायची नाही, बदलावीच लागली तर डॉक्टरांना सांगून काही दिवसांत लेव्हल करायची. हात थरथरणं ही टॅक्रोची ओळखीची खूण, भावाच्या हातातला चहा बशीत सांडायला लागला की आम्ही तारखेसकट लिहून ठेवायचो.

आणखी एक. आपल्याकडे बऱ्याच पेशंटना टॅक्रोबरोबर डिल्टियाझेम देतात. कागदावर ती बीपीची गोळी दिसते, पण तिच्यामुळे टॅक्रो शरीरात जास्त टिकतो आणि कमी डोसमध्ये, कमी खर्चात काम भागतं. मग कुठला तरी बाहेरचा डॉक्टर बीपी छान आहे म्हणून ती बंद करतो आणि चार दिवसांत टॅक्रोची लेव्हल खाली येते. म्हणून यादीतली प्रत्येक गोळी *का* चालू आहे हे विचारून तिच्यासमोर लिहा.

वहीत काय लिहायचं

शंभर पानी साधी वही. रोज सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खायच्या आधी वजन, रोज त्याच काट्यावर. तापमान आणि बीपी दोन वेळा. साखर, सांगितलं असेल तितक्या वेळा, कारण टॅक्रो आणि स्टिरॉइड मिळून ज्याला डायबेटिस नव्हता त्यालाही होऊ शकतो. लघवी मापाच्या भांड्यात, किती पाणी प्यायलं तेही. दोन्ही पोटऱ्यांचा घेर आठवड्यातून एकदा शिंप्याच्या टेपने, घोट्यापासून तेवढ्याच अंतरावर. ही शेवटची गोष्ट आम्ही मोज्याच्या वळानंतर सुरू केली, तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

रिपोर्ट आला की क्रिएटिनिन, पोटॅशियम, पांढऱ्या पेशी, टॅक्रो लेव्हल एका ओळीत, तारखेने. एकटा १.५ हा आकडा काही सांगत नाही. १.१, १.२, १.५ अशी रांग दिसली की कळतं.

स्टेंट काढायची तारीख

डीजे स्टेंट साधारण दोन ते सहा आठवड्यांत काढतात, दुर्बिणीने, लघवीच्या वाटेने, जागा बधिर करून. पाच-दहा मिनिटांचं काम. आत असेपर्यंत जळजळ, सारखी घाई, लघवीत थोडी लाली हे चालतं, पण ताप किंवा थंडी वाजली तर इन्फेक्शन समजून फोन करा. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. राहून गेलेल्या स्टेंटवर खडे जमतात आणि मग तो निघता निघत नाही, आणि असं होतं, कारण डिस्चार्जच्या गडबडीत ती एक ओळ वाचायची राहून जाते.

काढल्यानंतरचा आठवडा महत्त्वाचा. टेकू गेलेला असतो. युरेटर कुठे आवळली असेल तर ती आता दिसते : लघवी कमी, वजन वर, क्रिएटिनिन चढतंय, सोनोग्राफीत किडनी फुगलेली. नव्या किडनीच्या दुखणं कळवणाऱ्या नसा (नर्व्ह) कापलेल्या असतात त्यामुळे मुतखड्यासारखी कळ बहुधा येतच नाही, हे लक्षात ठेवा. स्टेंट काढल्यावर काही दिवसांनी एकदा क्रिएटिनिन करून घ्या, सांगितलं नसलं तरी विचारा.

एका पायाची सूज

आता पुन्हा लिम्फोसिलकडे. दुसऱ्या आठवड्यापासून काही महिन्यांपर्यंत कधीही. छोटे पुष्कळांना होतात आणि आपोआप जिरतात, सोनोग्राफीत दिसले म्हणून घाबरू नका. मोठा झाला की ऑपरेशनच्या बाजूचा पाय सुजतो, त्या बाजूला जड वाटतं, सारखी लघवीला घाई होते, क्रिएटिनिन वाढतं. एकाच पायाची सूज म्हणजे शिरेत गुठळीही असू शकते, तेव्हा डॉप्लर होईपर्यंत पाय चोळायचा नाही, तेल लावून मालिश तर अजिबात नाही.

भावाला सोनोग्राफीत बघत सुईने पाणी काढलं. पांढऱ्या बरणीत भरलेलं, फिकट चहासारखं दिसत होतं. तपासलं तर क्रिएटिनिन रक्ताएवढंच, म्हणजे लघवी नव्हे. दोन दिवसांत आकडा १.३ वर आला आणि आठवड्याने पाणी परत भरलं. नुसत्या सुईने काढलं तर असं परत भरणं नेहमीचं आहे हे आम्हाला नंतर कळलं. मग दुर्बिणीने ऑपरेशन करून त्या पिशवीला पोटाच्या पोकळीत एक खिडकी पाडून दिली, पाणी आत उतरतं आणि पोटाचा पडदा ते शोषून घेतो. तिसऱ्या दिवशी घरी. या सगळ्यात रोजच्या तीन गोळ्यांचा डोस तोच राहिला.

मग खरं रिजेक्शन कसं ओळखतात

घरी ओळखता येत नाही, हे स्पष्ट सांगते. जुन्या काळी किडनीची जागा दुखायची, ताप यायचा, लघवी कमी व्हायची. आताच्या गोळ्यांवर बहुतेक वेळा फक्त क्रिएटिनिन वाढतं. म्हणून आधी सोनोग्राफी-डॉप्लरने जोडकाम ठीक आहे ना हे बघतात, टॅक्रो लेव्हल आणि लघवीची तपासणी करतात, आणि तरी उत्तर मिळालं नाही तर बायोप्सी, म्हणजे सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं. किडनी कातडीजवळच असल्यामुळे बायोप्सी सोपी असते, नंतर काही तास उताणं पडून राहायचं आणि लघवी लाल होते का ते बघायचं. रिजेक्शन निघालं तर बहुधा तीन दिवस स्टिरॉइडची मोठी सलाइन, प्रकार वेगळा असेल तर एटीजी किंवा प्लाझ्मा बदलणं. वेळेत सापडलेलं पुष्कळदा आटोक्यात येतं. बायोप्सीला घाबरून आठ दिवस घालवू नका.

बाहेरचं औषध आणि घरचे उपाय

तिसऱ्या महिन्यात भावाला खोकला झाला, ओळखीच्या एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, क्लॅरिथ्रोमायसिन. चौथ्या दिवशी सही करता येईना इतका हात कापायला लागला, टॅक्रो २२, क्रिएटिनिन १.९. औषध बंद केलं, नेफ्रोनी टॅक्रो दोन दिवस थांबवला, मग आकडे उतरले. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बुरशीवरची फ्लुकोनॅझोलसारखी औषधं टॅक्रो वाढवतात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या, जसं फेनिटॉइन, टॅक्रो पाडतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन सरळ किडनीलाच मार देतात, डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. नियम एकच ठेवा, कुठल्याही डॉक्टरने काहीही लिहून दिलं तरी कागदाचा फोटो कोऑर्डिनेटरला, उत्तर आल्यावर पहिली गोळी.

"इम्युनिटी वाढवणारा" काढा, गुळवेल, चूर्ण हे प्रेमाने आणून देणारे पुष्कळ भेटतात. आपण रोज तीन गोळ्या देऊन जी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतोय तीच वाढवायची कशाला? नम्रपणे नाही म्हणा. ग्रेपफ्रूट चालत नाही हे सगळे सांगतात, पण ते आपल्याकडे खातं कोण, आपल्याकडे गणपतीत पपनस येतं आणि ते त्याच जातीचं आहे, तेही नको. तीर्थ, कच्च्या दुधाचं पंचामृत, उसाचा रस, पाणीपुरीचं पाणी पहिल्या वर्षी तरी टाळा. उपवास करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या आणि पाण्याच्या वेळा न मोडता. सेप्ट्रान आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर या इन्फेक्शन टाळायच्या गोळ्या काही महिने चालतात, बरं वाटतंय म्हणून त्या मधेच सोडू नका. बाईचं ट्रान्सप्लांट झालं असेल आणि पुढे बाळाचा विचार असेल तर मायकोफेनोलेट गर्भाला धोक्याचं आहे, ती गोळी डॉक्टर कमीत कमी सहा आठवडे आधी बदलून देतात, म्हणून तोपर्यंत गर्भ राहू नये याची काळजी घ्यायची.

तीन महिन्यांनंतरचं एक लक्षात ठेवायचं

काही महिन्यांनी ते दोन वर्षांपर्यंत किडनीची धमनी जोडाजवळ अरुंद होऊ शकते. बीपीची तिसरी, चौथी गोळी लागायला लागते, अंगात पाणी धरतं, किंवा टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन एकदम उडी मारतं. डॉप्लर करतात, आणि गरज पडली तर हृदयासारखीच अँजिओप्लास्टी. वहीतलं बीपीचं पान दाखवलंत की डॉक्टरांना हे लवकर सुचतं.

फोनवर काय सांगायचं

ताप शंभरच्या वर, लघवी नेहमीपेक्षा बरीच कमी, दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढलं, किडनीच्या जागी दुखणं किंवा फुगवटा, एका पायाला सूज, जखमेतून पाणी, उलट्या-जुलाब, लाल लघवी, बीपी खूप वर किंवा खाली. यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी फोन, उद्या सकाळी नाही. श्वास लागला, लघवी पूर्ण थांबली किंवा लघवीतून सरळ रक्त येतंय तर फोन करत करतच निघायचं.

फोनवर "बरं वाटत नाहीये" असं सांगू नका. वही समोर उघडी ठेवून असं सांगा : "अमुक पेशंट, ट्रान्सप्लांटला बेचाळीस दिवस झाले, डोनर आई, स्टेंट दहा दिवसांपूर्वी काढला. कालपासून उजवा पाय सुजलाय, वजन ६१ वरून ६२.५, लघवी २२०० वरून १४०० वर आली, ताप नाही. शेवटचं क्रिएटिनिन सोमवारी १.२, टॅक्रो ९. नवीन औषध काही घेतलेलं नाही. सकाळची गोळी नऊला घेतली." मी हेच असंच वाचून दाखवलं होतं, आणि पलीकडून कोऑर्डिनेटर एवढंच म्हणाल्या, "सोनोग्राफी सांगून ठेवते, अकराच्या आत पोचा."